काटा, खटका आणि स्क्रीन

जुलैतली संध्याकाळ होती. वांद्र्याकडून आमची गाडी सी-लिंकवर चढली आणि पुलाच्या मध्यावर पावसानं गाठलं. बाहेर गारवा, आत चार माणसांचे श्वास; बघता बघता समोरची काच आतून धुरकटली. मी आधी हातानंच पुसून बघितली, त्यात बोटं ओली झाली. काचेवर वारा सोडायची सोय कुठं आहे हे मला ठाऊक होतं. ती स्क्रीनवर होती. आधी एसीची खूण, तिच्या आत आणखी एक पान, त्या पानावर काचेचं चित्र. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना. दोनदा भलतंच पान उघडलं, एकदा गाणं मोठ्यानं वाजायला लागलं. शेवटी शेजारी बसलेल्या बहिणीनं ओढणीनं काच पुसली आणि आम्ही कसेबसे वरळीला उतरलो. त्या रात्री मला काकांची टॅक्सी आठवली.

आमचं लहानपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं. काका काळी-पिवळी चालवायचे आणि रात्री जांबोरी मैदानाच्या कडेला लावायचे. गाडी प्रीमियर पद्मिनी, पण सगळ्यांच्या तोंडी 'फियाट'च. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायला लागली आणि पुढं त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. डॅशबोर्ड पत्र्याचा. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर. पुढच्या खिडकीला छोटी तिकोनी काच, ती फिरवली की वारा थेट तोंडावर. खटके एकमेकांसारखेच दिसणारे, म्हणून काकांनी वायपरच्या खटक्याला काळा दोरा घट्ट गुंडाळून ठेवला होता. मी पुढं बसले की विचारायची, "काका, हा कशाला?" ते म्हणायचे, "अगं, रात्री पावसात बघत बसायचं नाही, चाचपायचं."

ती जातच आता रस्त्यावरून गेली. काळी-पिवळी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिचा परवाना संपला. त्या गाड्यांचं वरचं छप्पर आतून फुलाफुलांच्या रेक्झिननं मढवलेलं असायचं. २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात तरुण चित्रकारांनी मुंबईच्या टॅक्सींची सीट-कव्हरं आणि छतं नव्यानं सजवली, तेव्हा गाडीच्या आतल्या बाजूकडं बघायचं असतं हे पहिल्यांदा मोठ्या शहराच्या लक्षात आलं.

मोटारीच्या आतली रचना जुन्या वळणाची असावी की नव्या, हा वाद आज जगभर चालू आहे, आणि सगळ्यात कडाक्यानं चालू आहे तो स्पोर्ट्स कारच्या बाबतीत. कारण उघड आहे. घरच्या गाडीचं नवं रूप आलं तर लोक डिकी किती मोठी ते विचारतात. स्पोर्ट्स कारचं नवं रूप आलं तर आधी विचारतात की काटे राहिले का. ती गाडी कुणी गरजेपोटी घेत नाही. लहानपणी भिंतीवर लावलेल्या चित्रासाठी घेतो. मग त्या चित्रातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं? या प्रश्नाची बरीच उत्तरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बाजारात आली आहेत, आणि त्यांतली तीन तर एकाच कंपनीची आहेत, जिचं मुख्यालय आमच्या वरळीत आहे.

डॉ. जी. एम. भोसले मार्गावर महिंद्रा टॉवर्स. या कंपनीचा जन्म २ ऑक्टोबर १९४५ चा, 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावानं. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. माझगावात विलीज जीपची जोडणी सुरू झाली, आणि कंपनी आपल्या जीपची परंपरा १९४९ पासून मोजते. लढाईसाठी बनवलेल्या त्या गाडीच्या आत सजावट नव्हतीच. सपाट पत्रा, दोन-चार मीटर, जमिनीतून वर आलेले दांडे. पुढं पन्नास-साठ वर्षं महाराष्ट्रातल्या पाटबंधारे खात्यापासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी तेच अंतरंग वेगवेगळ्या नावांनी वापरलं.

महिंद्राची थार स्पोर्ट्स कार नाही, हे मान्य. पण जुन्या गाडीचं नवं रूप करताना आतली बाजू कशी ठेवायची, या प्रश्नाचा इतका पूर्ण नमुना आपल्याकडं दुसरा नाही, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबते. २०१० मध्ये पहिली थार आली तेव्हा ती आतून जवळजवळ जुनी जीपच होती. साध्या आवृत्तीत एसीसुद्धा नव्हता. लोकांनी तिच्यावर प्रेम केलं ते तिच्यातल्या उणिवांसकट. मग १५ ऑगस्ट २०२० ला नवी थार दाखवण्यात आली आणि २ ऑक्टोबरला विक्रीला आली. तिच्यामागं त्या वेळच्या डिझाइनप्रमुख रामकृपा अनंतन होत्या, पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइनच्या केंद्रात शिकलेल्या. या गाडीचं अंतरंग मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला जाणवलं की इथं कुणीतरी नीट विचार केला आहे.

एसीच्या वाऱ्याची भोकं गोल. शेजारच्या माणसासमोर डॅशबोर्डवर धरायला दणकट कडी, कारण खडकाळ वाटेवर ती खरोखरच लागते. मीटर काट्यांचे, मध्ये छोटी रंगीत स्क्रीन. एसीला फिरवायची बटणं. चारही चाकांना ताकद देणारा दांडा जुन्या जीपसारखा जमिनीतून वर आलेला, हात घट्ट बसेल असा. आणि तरीही सात इंची टचस्क्रीन आहे, तीही थोडे शिंतोडे सहन करणारी. गाडीची जमीन पाण्यानं धुवायची आणि पाणी तळाच्या बुचातून बाहेर सोडायचं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. चिखलात जाणाऱ्या गाडीला धुता येणारी जमीन हवी, ही गरज जुन्या जीपची होती आणि आजही तीच आहे. इथं जुनेपणा कामाला लागला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत या गाडीला चार तारे मिळाले. पूर्वीच्या जीपला अशा चाचणीत आपटलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पनाही नको वाटते.

याच गाडीत खिडक्यांची बटणं मात्र दोन सीटच्या मध्ये होती. जीपच्या घराण्यात दरवाजे काढून ठेवता यायचे, म्हणून बटणं दरवाजावर लावायची नाहीत अशी रीत पडली. अमेरिकेतल्या रँग्लरमध्ये ती अजून पाळतात. पण पुण्या-मुंबईत थारचे दरवाजे काढून कोण हिंडतं? खिडकी उघडायला प्रत्येक जण आधी दरवाज्याकडं हात नेतो आणि मग मध्ये शोधतो. परंपरेचं कारण निघून गेलं आणि गैरसोय मागं राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये थारचं नवं रूप आलं, त्यात ती बटणं दरवाजावर गेली. स्क्रीन सव्वादहा इंची झाली. गोल भोकं राहिली, कडी राहिली, दांडा राहिला. कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

मधल्या काळात पाच दरवाजांची थार रॉक्स आली, ऑगस्ट २०२४ मध्ये. छताला मोठी काच, सव्वादहा इंची दोन स्क्रीन, आणि शुभ्र म्हणाव्या अशा फिक्या रंगाच्या सीट. चिखलाच्या वंशातल्या गाडीला पांढरी बैठक! लोकांनी एवढी ओरड केली की थोड्याच दिवसांत तपकिरी रंगाचा पर्याय द्यावा लागला. मला ही ओरड फार मोलाची वाटते. गाडीत बसणाऱ्यांना आपल्या धुळीची, आपल्या लेकराबाळांच्या पायांची, आपल्या पावसाची जाण होती. त्यांचा जुनेपणाचा हट्ट नव्हता; धुतलं जाईल असं द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि हेही खरं, की बुकिंग उघडल्यावर पहिल्या तासात १ लाख ७६ हजारांवर लोकांनी रॉक्ससाठी नाव नोंदवलं. म्हणजे स्क्रीन आणि काचेचं छत नको असलेले लोक थोडे, हवे असलेले पुष्कळ.

त्याच कंपनीचं दुसरं उत्तर अगदी उलट टोकाचं. २६ नोव्हेंबर २०२४ ला आलेली विजेवरची बीई ६. तिला मागं वळून बघायला आजोबाच नाहीत, आणि करणाऱ्यांनी त्या मोकळेपणाचा पुरेपूर फायदा घेतला. चालकाच्या भोवती एक पट्टा फिरतो आणि त्याला शेजाऱ्यापासून जवळजवळ वेगळं करतो. समोर १२.३ इंची दोन स्क्रीन. गिअरचा दांडा विमानातल्या इंजिनाच्या दांड्यासारखा, काही बटणं विमानासारखी डोक्यावर छतात, दार उघडायला हँडलऐवजी कापडी पट्टी. बसल्यावर अंगावर रोमांच उभे राहतात, हे मी नाकारणार नाही. ७९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीची गाडी ६.७ सेकंदांत शंभराचा वेग गाठते असं कंपनी सांगते. म्हणजे वागायला ती स्पोर्ट्स कारच. पण दांडा आणि डोक्यावरची बटणं हाताला देणाऱ्या या गाडीत एसीचं रोजचं काम मात्र स्क्रीनवर ठेवलेलं आहे. दिसायला जे जोरदार, त्याला खटका मिळाला, आणि जे दिवसातून वीस वेळा लागतं, ते काचेखाली गेलं. माझं भांडण नेमकं या वाटणीशी आहे.

तिसरं उत्तर इटलीतलं. तुरीनच्या पिनिनफरिना या १९३० साली सुरू झालेल्या डिझाइन संस्थेला महिंद्रानं विकत घ्यायचं डिसेंबर २०१५ मध्ये ठरलं. बॅतिस्ता फरिना यांनी घडवलेली १९४७ ची सिसितालिया २०२ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवलेली आहे. त्याच बॅतिस्तांचं नाव दिलेली विजेवरची गाडी २०१९ मध्ये जिनिव्हाला दाखवली गेली: ताकद १९०० अश्वशक्तीची, एकूण गाड्या फक्त १५०. आत बघाल तर चालकाकडं वळवलेल्या दोन स्क्रीन आणि त्यांच्यामध्ये एक लहान. ज्या घराण्यानं गाडीच्या पत्र्याला वळण दिलं, त्यानं आत जुन्या काट्यांची आठवण जपली नाही. कातड्याची शिलाई, बैठकीचं वळण आणि स्क्रीन, एवढ्यावर भागवलं. गाडी देखणी आहे. पण आतलं चित्र डोळ्यांपुढं आणायचं म्हटलं तर माझ्या डोळ्यांपुढं काही येत नाही.

इथून दक्षिणेला फोर्टात बॉम्बे हाउस आहे. टाटा मोटर्सनं २००८ मध्ये २३० कोटी डॉलर मोजून जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, तेव्हा स्पोर्ट्स कारच्या अंतरंगाचा एक मोठा वारसा मुंबईच्या मालकीचा झाला. १९६१ ची जग्वार ई-टाइप आठवा. बारीक, वर-खाली होणाऱ्या खटक्यांची रांग, तिच्यावर छोटे गोल मीटर, चालकासमोर दोन मोठे. विमानात बसल्याचा भास. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते खटके गेले आणि त्यांच्या जागी सपाट, कलणारी बटणं आली. नजरेला ती पडती बाजू वाटली तरी कारण गंभीर होतं. अमेरिकेत सुरक्षेचे नवे नियम लागू झाले होते. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकात दुसरी टक्कर समजावून सांगितली होती: पहिली टक्कर गाडीची, दुसरी माणसाची, गाडीच्याच आतल्या पत्र्यावर, बटणांवर आणि स्टीअरिंगवर. डॅशबोर्डमधून पुढं आलेला चकचकीत खटका गुडघ्यात आणि कपाळात घुसायचा.

जुन्याच्या आठवणीत रमणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. काकांच्या पद्मिनीचा पत्र्याचा डॅशबोर्ड मला प्रिय आहे, पण त्यावर डोकं आपटलेल्या माणसाला तो प्रिय नसणार. मऊ डॅशबोर्ड, एअरबॅग आणि पट्टा नव्या काळानं दिले, आणि त्यांच्या बदल्यात थोडी शोभा गेली तर जाऊ दे.

जग्वारनं पुढं २०१३ च्या एफ-टाइपमध्ये मधला मार्ग काढला. मीटर गोल, बटणं हाताशी, आणि एसी लागला की डॅशबोर्डच्या माथ्यातून वाऱ्याची भोकं अलगद वर येणारी. ती गाडी २०२४ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरात दाखवलेल्या 'टाइप ००' या विजेच्या नमुन्यात मधोमध पितळेची लांब पट्टी आहे आणि स्क्रीन लागतील तेव्हाच डॅशबोर्डमधून बाहेर येतात. स्क्रीन लपवावीशी वाटते, याची नोंद घ्यायला हवी.

पोर्शे ९११ ची गोष्ट अधिक हळवी. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला ही गाडी आली तेव्हापासून इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर बरोबर मध्यभागी, वेगाचा मीटर त्याच्या बाजूला. वेगापेक्षा इंजिनाची अवस्था महत्त्वाची, हे तिथं बसल्याबसल्या कळतं. पिढ्या बदलल्या, शेजारी स्क्रीन आल्या, तरी मधला काटा खराच राहिला. मे २०२४ च्या फेररचनेत तोही गेला. आता १२.६ इंची वळणदार स्क्रीन आहे आणि तिच्यावर पाच गोल मीटर चित्ररूपानं उमटतात. डाव्या हाताला किल्ली फिरवायची जुनी सवयही संपली, तिथं दाबायचं बटण आलं. माहिती वाचण्यात काही फरक पडला का? फारसा नाही. पण काटा शून्यावरून उठतो तेव्हा त्याला वजन असतं, तो किंचित थरथरतो. ते वजन चित्राला नसतं आणि ते नाही हे डोळ्याला कळतं.

फोर्ड मस्टँगमध्ये हा पेच सगळ्यांत स्पष्ट दिसतो. २००५ च्या मस्टँगनं साठच्या दशकातलं अंतरंग जवळजवळ जसंच्या तसं परत आणलं: दोन मोठे गोल मीटर, ॲल्युमिनियमची चमक, मीटरच्या उजेडाचा रंग आपण निवडायचा. २०२४ च्या मस्टँगनं तो सगळा डॅशबोर्ड काढून १२.४ आणि १३.२ इंची दोन स्क्रीन शेजारी शेजारी ठेवल्या. आणि मग त्या स्क्रीनवर १९८७ ते १९९३ च्या मस्टँगचे मीटर चित्र म्हणून दिले, रात्री दिवे लावले की त्या काळासारखेच हिरवे उजळणारे. मागच्या काळाला इथं मुखवट्याचं स्थान मिळालं. आज लावा, उद्या उतरवा. मला ते चित्र सुंदर वाटतं. पण याच गाडीत दोन गोष्टी त्याहून चांगल्या आहेत: आवाजाचं फिरवायचं बटण ठेवलेलं आहे, आणि विजेवर चालणारा हँडब्रेक जुन्या दांड्याच्या रूपात आहे, खसकन ओढता येईल असा. हिरवा उजेड आठवण करून देतो. दांडा काम करतो.

निसाननं २०२१ मध्ये दाखवलेल्या झेडमध्ये १९६९ च्या २४०झेडसारखे डॅशबोर्डच्या माथ्यावर तीन छोटे मीटर चालकाकडं कललेले आहेत. देखणे आहेत. त्यांतला एक टर्बोचा वेग सांगतो. गाडी चालवताना ती संख्या कळून कुणी काय करायचं, हे मला उमगलेलं नाही. आपल्याकडं २०१८ मध्ये परत आलेल्या जावा मोटरसायकलचा वेगाचा काटा उलट दिशेनं फिरतो, तोही याच जातीचा. जुनं म्हणून ठेवलेलं, वाचायला मात्र अवघड.

याच्या दुसऱ्या टोकाला, श्रीमंतीच्या शिखरावर, बुगाटी टूर्बियाँ. जून २०२४ मध्ये दाखवलेली, फक्त २५० गाड्या. तिचे मीटर स्विस घड्याळजींनी बनवले आहेत, सहाशेच्या वर भाग, नीलमणी आणि माणकं वापरून. स्टीअरिंग फिरतं, पण त्याच्या मधले मीटर जागचे हलत नाहीत. स्क्रीन आहे, ती लपलेली. त्यामागचा विचार साधा आहे: पन्नास वर्षांनी ही गाडी प्रदर्शनात उभी असेल तेव्हा आजची स्क्रीन जुनाट आणि मेलेली दिसेल, घड्याळ मात्र चालू असेल. गिरगावात आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ किल्ली देऊन चालवणाऱ्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग कारखानदारांना स्क्रीन इतकी का आवडते? प्रत्येक खटक्याला साचा लागतो, वायर लागते, हजारो वेळा दाबून चाचणी लागते. स्वस्त आणि महाग आवृत्तीत बटणं वेगळी, म्हणजे डॅशबोर्डही वेगळा. स्क्रीन एकच, बाकीचं सॉफ्टवेअरमध्ये. शिवाय अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचं दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. कॅमेरा आला की स्क्रीन आलीच, आणि ती आली की सगळं तिच्यात घालण्याचा मोह. टेस्लाच्या मॉडेल एसनं २०१२ मध्ये १७ इंची स्क्रीन उभी केली आणि तेच आधुनिकतेचं चिन्ह ठरलं. पण ही कल्पना जुनी आहे. ब्युइक रिव्हिएरात १९८६ मध्येच टीव्हीसारखी टचस्क्रीन होती. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, आणि चारेक वर्षांत कंपनीनं ती काढून बटणं परत आणली.

इथं आवडनिवड बाजूला ठेवता येते, कारण मोजमाप झालेलं आहे. स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या मासिकानं २०२२ मध्ये धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरनं गाड्या पळवल्या आणि चालकांना चार साधी कामं दिली: तापमान वाढवणं, रेडिओ लावणं, असली. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली. सगळ्यांत मागं पडलेल्या नव्या गाडीत ४४.६ सेकंद लागले, आणि तेवढ्यात गाडी चौदाशे मीटरच्या आसपास पुढं गेली होती. आपल्या कोस्टल रोडचा बोगदा दोन किलोमीटरचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त बोगदा निम्मं लक्ष दुसरीकडं ठेवून. बोगद्यात वेगाची मर्यादा ६० ची आहे, तरी सेकंदाला सोळा-सतरा मीटर होतातच.

समुद्रावरचा दाखलाही आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ 'जॉन एस. मकेन' ही अमेरिकी युद्धनौका आणि एक तेलवाहू जहाज यांची टक्कर झाली आणि दहा नौसैनिक गेले. जहाज चालवण्याच्या टचस्क्रीनचा गोंधळ कारणांपैकी एक ठरला, आणि २०१९ मध्ये नौदलानं हातानं ढकलायचे दांडे परत आणायचं ठरवलं. आता युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपच्या २०२६ च्या नियमांत वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि मदतीची हाक यांना खऱ्या बटणांसाठी गुण ठेवले आहेत. फोक्सवॅगननं आवाज, तापमान, पंखा आणि धोक्याच्या दिव्यांची बटणं परत आणत असल्याचं जाहीर केलं. फेरारीनं मधल्या काळात गाडी सुरू करायचं बटणही स्टीअरिंगवरच्या स्पर्शाच्या जागेत मिसळलं होतं. २०२५ च्या अमाल्फीत ते खरं, दाबलं जाणारं बटण म्हणून परत आलं आहे. विजेच्या गाड्यांनी तर नवीच वाट काढली. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन मध्ये गिअरच नाहीत, पण हवं तर गाडी गिअर बदलल्याचा झटका आणि आवाज देते. आधी मला हे खोटं वाटलं होतं. मग लक्षात आलं, की आवाजावरून वेग ओळखण्याची सवय असलेल्या चालकाला ती माहितीच आहे.

स्क्रीनचं श्रेय तिला द्यायलाच हवं. नकाशा तिच्यावरच वाचावा. मागून येणारं मूल तिच्यावर दिसतं. लालबागच्या गल्लीत रिव्हर्स घेताना कॅमेऱ्यानं माझी गाडी दोनदा वाचवली आहे. जे थांबून करायचं, ते स्क्रीनवर असावं: सीटची सेटिंग, गाण्यांची यादी, सर्व्हिसची तारीख. चालत्या गाडीत, अंधारात, पावसात जे लागतं, ते हाताला न बघता सापडायला हवं. ही विभागणी कुठल्याच काळाची नाही. जुन्या काळातही ती कैकदा चुकली होती. एकसारख्या खटक्यांची ती रांग आठवा, ज्यामुळं काकांना दोरा गुंडाळावा लागला.

म्हणून कुठलीही गाडी बघायला गेलं की मी आता सोपी परीक्षा करते. शोरूममध्ये चालकाच्या जागेवर बसते, डोळे मिटते आणि वायपर, काचेवरचा वारा, आवाज आणि धोक्याचे दिवे शोधते. विक्रेते आधी गोंधळतात. एकानं विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" मी त्याला कारण सांगितलं, तर त्यानं पुढं वाकून स्वतः डोळे मिटून बघितलं. चारांपैकी दोन सापडले. बऱ्याच नव्या, चकचकीत गाड्या यात नापास होतात, आणि जुन्या वळणाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गाड्याही. कातड्यावर नुसती शिलाईची नक्षी उमटवलेली, फिरत नाही असं गोल बटण, दाबलं तर आत न जाणारा खटका, हे मला नव्या स्क्रीनपेक्षा वाईट वाटतं, कारण ते हाताला आशा लावून फसवतं.

थारची पुढची पिढी कशी असेल याचा अंदाज १५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत दाखवलेल्या महिंद्राच्या नमुना-गाड्यांवरून लोक बांधतायत. जीपच्या वंशातल्या 'व्हिजन टी' कडं सगळ्यांचं लक्ष आहे. आत किती स्क्रीन असतील यापेक्षा धुता येणारी जमीन, हाताची कडी आणि जमिनीतला दांडा राहतील का, हे मी बघणार आहे.

आमची गाडी बदलायला पैसे नाहीत आणि बदलायची इच्छाही नाही. बाकी ती चांगली आहे. सी-लिंकवरच्या त्या संध्याकाळनंतर मी आधी सेटिंगमध्ये शोधलं. काचेच्या वाऱ्याची खूण पहिल्या पानावर, खालच्या डाव्या कोपऱ्यात आणता येते असं निघालं. मग त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली, स्क्रीनच्या काळ्या प्लॅस्टिकच्या काठावर, मी एक टिकली लावली. मधोमध खडा असलेली, बोटाला लागेल अशी. डाव्या हाताचा अंगठा तिच्यावर टेकला की पहिलं बोट बरोबर खुणेवर पडतं. हात आधी ओढणीला पुसून घ्यावा लागतो, तेवढं राहिलंय. टिकलीचा लाल रंग उन्हानं केव्हाच उडाला. खडा अजून आहे.